नाण्याचं लेबल की लेबलाचं नाणं?

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा असलेल्यांची सोय होईल. ग्रेड केलेल्या नाण्यांवर 'फर्स्ट स्ट्राइक', 'अर्ली रिलीजेस', 'फर्स्ट डे ऑफ इश्यू', अमक्याची सही, तमक्या प्रदर्शनाचा लोगो अशी जी खास लेबलं लावतात, त्यांनी नाणी जमवण्याच्या छंदाचं भलं होत नाही. नुकसान होतं. आणि ते जुन्या जाणत्या संग्राहकाचं होत नाही, तो कधीच शहाणा झालेला असतो. नुकसान होतं ते हौसेने नुकत्याच आलेल्या माणसाचं. तो दोन वर्षांनी हात पोळून निघून जातो आणि परत नाण्यांचं नाव काढत नाही.

हा सगळा प्रकार मूळचा अमेरिकेतला. त्यामुळे 'स्लॅब' म्हटल्यावर ज्यांना बिल्डिंगचा स्लॅब आणि त्यातून गळणारं पाणी आठवतं त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. (ज्यांना माहीत आहे त्यांनी खुशाल तीन परिच्छेद सोडून पुढे जावं.)

नाण्याची किंमत त्याच्या वर्षावर, टांकसाळीवर आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्याच्या अवस्थेवर ठरते. अवस्था मोजायला विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली १ ते ७० अशी मोजपट्टी आणली. ती मुळात जुन्या अमेरिकन मोठ्या सेंटसाठी होती. १ म्हणजे जेमतेम ओळखू येणारं नाणं, ७० म्हणजे निर्दोष. कल्पना अशी की ७० वाल्याची किंमत १ वाल्याच्या सत्तर पट. (याच शेल्डनसाहेबांनी पुढे अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी हळूच बदलून नेल्याचं त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं. मोजपट्टी बनवणाऱ्याचीच ही तऱ्हा!)

मोजपट्टी आली तरी मोजणार कोण हा प्रश्न होताच. दुकानदार विकताना म्हणायचा ६५, आणि तेच नाणं तुम्ही परत विकायला नेलंत की म्हणायचा ६३. या दोन आकड्यांत कधीकधी हजारो डॉलरचा फरक. यावर उतारा म्हणून १९८६ साली पीसीजीएस ही कंपनी सुरू झाली आणि १९८७ साली एनजीसी. तुम्ही नाणं पाठवायचं, त्यांच्या तज्ज्ञांनी ते तपासायचं, ग्रेड ठरवायची आणि नाणं प्लास्टिकच्या कडक डबीत कायमचं बंद करायचं. ही डबी म्हणजे स्लॅब. आत वरच्या बाजूला एक छोटं लेबल: वर्ष, किंमत, टांकसाळ, ग्रेड आणि एक नंबर. बस्स.

हे खरोखर उत्तम काम होतं. माझा ग्रेडिंगला अजिबात विरोध नाही. लेबलाची सगळी ताकद एका गोष्टीत होती, ती म्हणजे ते कोणाच्याच बाजूचं नव्हतं. विकणारा एका टोकाला, घेणारा दुसऱ्या टोकाला आणि मध्ये लेबल पंच म्हणून उभं. पंचाला धावाही काढायच्या नसतात आणि विकेटही घ्यायची नसते, म्हणून तर आपण त्याचं बोट वर गेलं की मुकाट पॅव्हेलियनकडे चालायला लागतो.

माझी तक्रार एवढीच आहे की या पंचाने आता हातात बॅट घेतली आहे.

हे का झालं ते समजायला अमेरिकन सिल्व्हर ईगल हे नाणं घेऊ. १९८६ पासून निघतं. एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम शुद्ध चांदी. दर्शनी किंमत एक डॉलर, पण विकलं जातं चांदीच्या भावाने आणि वर थोडं. २०१५ या एका वर्षात अशी ४ कोटी ७० लाख नाणी निघाली. म्हणजे दुर्मिळ हा शब्द इथे तोंडातही आणायला नको. शिवाय आजची यंत्रं चांगली आहेत. नाणं टांकसाळीतून जवळजवळ निर्दोष बाहेर पडतं. एनजीसीची ७० ची व्याख्या अशी की पाचपट मोठं करून पाहिलं तरी टांकसाळीनंतर झालेला कुठलाही डाग-ओरखडा दिसता कामा नये. ही अट जुन्या नाण्याला स्वप्नवत आहे, पण काल छापलेल्या ईगलला नाही. साहजिकच ७० वाल्या ईगलांचा ढीग झाला.

आता विकणाऱ्याच्या जागी जाऊन बघा. ढिगातलं नाणं चांदीच्या भावाच्या तिप्पट-चौपट किमतीला कसं विकणार? नाणं बदलता येत नाही. ग्रेड ७० च्या वर जात नाही. मग बदलता येण्यासारखं उरलं काय? लेबल!

त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध लेबल म्हणजे पीसीजीएसचं 'फर्स्ट स्ट्राइक'. नाव ऐकून कोणालाही काय वाटेल? ठसा नवा कोरा असताना पहिल्या ठोक्यांत पडलेलं नाणं. नाण्यांच्या जगात या गोष्टीला खरंच अर्थ आहे. डाय, म्हणजे ठसा, ताजा असताना नक्षी धारदार उमटते, हजारो ठोके खाऊन तो झिजला की नक्षी बोथट होते. पण या लेबलाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. लेबलाची अट काय, तर नाणं बाजारात आल्यापासून पहिल्या ३० दिवसांत ते ग्रेडिंग कंपनीकडे किंवा तिने मान्य केलेल्या ठिकाणी पोचलं पाहिजे. झालं.

आमच्या धंद्यातल्या कोणालाही ही चूक एका वाक्यात समजेल. हा रेकॉर्ड तयार झाल्याचा टाइमस्टँप नाही, सर्व्हरला मिळाल्याचा टाइमस्टँप आहे. ईमेल कधी लिहिली आणि कधी पोचली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉगमध्ये असा गोंधळ एखाद्या ज्युनियरने केला तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची खरडपट्टी निघेल. इथे मात्र त्याच गोंधळाला सोनेरी बॉर्डर लावून जास्त पैसे मागतात.

आणि हा आक्षेप माझ्या पदरचा नाही. अमेरिकन टांकसाळीने, म्हणजे यूएस मिंटने स्वतःच सांगितलेलं आहे की आम्ही कुठल्याही नाण्यांना 'फर्स्ट स्ट्राइक' म्हणत नाही आणि नाणी कुठल्या क्रमाने पाडली याची नोंदही ठेवत नाही. खोक्यावरची तारीख ही माल बांधून पाठवल्याची तारीख, नाणं पाडल्याची नव्हे. शिवाय नव्या वर्षाची ईगल नाणी जुनं वर्ष संपायच्या आधीच पाडायला सुरुवात होते. एकाच वेळी अनेक यंत्रं चालू असतात, डाय झिजला की नवा लागतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात विकलेलं नाणं दमलेल्या डायचं असू शकतं आणि नोव्हेंबरातलं नाणं कोऱ्या करकरीत डायचं पहिलं अपत्य असू शकतं. लेबल पहिल्याला 'फर्स्ट स्ट्राइक' म्हणणार आणि दुसऱ्याला काहीच नाही!

बरं, हे 'पहिलं' किती पहिलं? २०१३ च्या जानेवारीत टांकसाळीने ७४ लाख ९८ हजार सिल्व्हर ईगल विकली. पूर्ण वर्षाचा आकडा ४ कोटी २६ लाख ७५ हजार. म्हणजे साडेसतरा टक्के माल पहिल्या महिन्यातच गेला. दर सहा नाण्यांमागे एकाहून जास्त नाणं या लेबलाला पात्र होऊ शकलं असतं. वर्गातल्या साठ मुलांपैकी दहा जणांना पहिला नंबर दिल्यासारखं आहे हे.

एनजीसीने निदान नाव तरी प्रामाणिक ठेवलंय, 'अर्ली रिलीजेस', लवकर बाहेर आलेली. पण तिथे दुसरी गंमत आहे. त्यांचंच 'फर्स्ट रिलीजेस' नावाचं आणखी एक लेबल आहे, आणि दोन्हींची अट एकच: पहिले तीस दिवस. कुठलं हवं ते पाठवणाऱ्याने निवडायचं. एकाच नाण्याला दोन नावं, आणि ती निवडणार विकणारा. पंचाने नाणेफेकीआधी कॅप्टनला विचारावं, "काय साहेब, छापा म्हणू की काटा?"

हे सगळं निरुपद्रवी असतं, तर मी शनिवारची सकाळ यात घालवली नसती. खरी गोम पुढे आहे. ग्रेडिंग कंपन्या 'पॉप्युलेशन रिपोर्ट' ठेवतात. कुठल्या नाण्याला कुठली ग्रेड आजवर किती वेळा दिली याचा तक्ता. संग्राहकाला हा तक्ता फार मोलाचा, कारण दुर्मिळता त्यावरून कळते. आता साधं ७० वेगळं, 'फर्स्ट स्ट्राइक' ७० वेगळं, पहिल्या दिवसाचं वेगळं, सहीवालं वेगळं अशी मोजणी होऊ लागली की काय होतं?

ज्यांनी कधी डेटाबेसवर काम केलंय त्यांना लगेच दिसेल. टेबलात एक नवीन कॉलम घाला आणि 'ग्रुप बाय' करा. एका ओळीच्या चार ओळी होतात आणि प्रत्येक ओळीतला आकडा लहान होतो. आणखी एक कॉलम घाला, आकडे आणखी लहान. अशा रीतीने जगातली कुठलीही गोष्ट दुर्मिळ करून दाखवता येते. पार्ले-जीचा पुडासुद्धा! मंगळवारी, पावसात, डाव्या हाताने उघडलेला पुडा जगात किती असतील? विकणारा सांगतो, "सर, या लेबलाची फक्त पाचशेच आहेत." खरं सांगतो, पाचशेच आहेत. पण कशाची पाचशे? कागदाच्या तुकड्यांची. नाणी कोटींनी आहेत.

दुर्मिळ नाण्याची दुर्मिळता मर्यादित असते, कारण ती इतिहासाने ठरवलेली असते. १९९५ साली 'डब्ल्यू' खुणेची प्रूफ सिल्व्हर ईगल फक्त ३०,१२५ निघाली, ती कोणाला वाढवता येणार नाही. लेबलांची दुर्मिळता मात्र अमर्याद आहे, कारण उद्या नवीन लेबल छापायला कोणाचीच हरकत नाही. जी टंचाई मागणीप्रमाणे तयार करता येते तिला टंचाई म्हणत नाहीत, पॅकिंग म्हणतात.

(आणि गंमत बघा. त्या १९९५ च्या नाण्याची पीसीजीएसने ७० दिलेली एक प्रत मार्च २०१३ मध्ये ८६,६५५ डॉलरला गेली. नंतर आणखी नाणी ७० होऊन आली आणि भाव खूप खाली घसरला. खरोखर कमी असलेल्या नाण्याची ही गत, तर कागदी टंचाईची काय होईल ते सांगायला नकोच.)

लेबलाचा ज्वर चढला की माणसं कशी वागतात याचं उत्तम उदाहरण ऑगस्ट २०१४ मध्ये शिकागोजवळच्या रोझमाँटमध्ये पाहायला मिळालं. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनचं प्रदर्शन होतं. टांकसाळीने केनेडी अर्ध्या डॉलरच्या पन्नाशीनिमित्त सोन्याचं नाणं काढलं, पाऊण औंस, किंमत १,२४० डॉलर. ५ ऑगस्टला विक्री सुरू झाली. आता हेच नाणं त्याच दिवशी, त्याच किमतीला घरबसल्या इंटरनेटवर मागवता येत होतं. तरी प्रदर्शनाबाहेर लोक रात्रभर रांगेत. का? कारण तिथे विकत घेतलेल्या नाण्याला प्रदर्शनाचं आणि पहिल्या दिवसाचं लेबल मिळणार होतं. डीलर लोकांनी पैसे देऊन माणसं रांगेत उभी केली. प्रदर्शनात विकलं गेलेलं पहिलं नाणं पुढे एका डीलरने एक लाख डॉलरला विकलं. एक लाख! गर्दी आणि रेटारेटी इतकी झाली की ७ ऑगस्टला टांकसाळीने सुरक्षेचं कारण देऊन प्रदर्शनातली आणि आपल्या विक्री केंद्रांवरची विक्री थांबवली.

शेवटी ती नाणी एकंदर ७० हजारांहून जास्त निघाली. सगळी एकाच टांकसाळीची, वेस्ट पॉइंटची. एक लाखवालं आणि १,२४० वालं नाणं डबीतून काढून शेजारी ठेवलं तर ते लाख डॉलर देणाऱ्यालाही आपलं कुठलं ते सांगता येणार नाही. रांगेत उभ्या राहिलेल्यांपैकी कित्येकांना नाण्यात रस नव्हता, दिवसाच्या मजुरीत होता. आणि ज्यांना नाण्यात रस होता त्यांना धक्के खावे लागले. छंदाची सेवा म्हणतात ती हीच काय?

एवढं वाचून कोणी म्हणेल, की याला सगळीच लेबलं वाईट वाटतात. तसं नाही. माझी एक साधी कसोटी आहे. मनातल्या मनात डबी फोडा. लेबल फेकून द्या. आता हातात उरलेल्या नाण्यावरून ती गोष्ट परत शोधून काढता येते का? येत असेल तर लेबल नाण्याबद्दल बोलत होतं. येत नसेल तर ते स्वतःबद्दल बोलत होतं.

उदाहरणार्थ, २००८ साली काही सिल्व्हर ईगलांच्या मागच्या बाजूला चुकून आदल्या वर्षीचा डाय लागला. 'युनायटेड' शब्दातल्या 'यू' अक्षराच्या उजव्या दांडीला खाली बारीकसं शेपूट आहे की नाही, यावरून ती ओळखता येतात. लेबलावर 'रिव्हर्स ऑफ २००७' लिहिलं तर ती माहिती आहे. डबी फुटली तरी भिंग घेऊन कोणीही पडताळून पाहू शकतो. २०२१ साली वर्षाच्या मध्येच जॉन मर्कांटीची मागची बाजू जाऊन एमिली डॅमस्ट्राची नवी आली, तेव्हा 'टाइप १' आणि 'टाइप २' लिहिणंही योग्यच. मॉर्गन डॉलरच्या डायमधले बारीक फरक, ज्यांना 'व्हॅम' नंबर म्हणतात, तेही असेच. असं लेबल नवख्याला नाण्याकडे बघायला लावतं. 'शेपूट कुठाय रे?' म्हणून तो भिंग घेतो, आणि तिथून पुढे तो संग्राहक व्हायला लागतो.

या कसोटीला एक सन्मान्य अपवाद आहे: नाण्याचा पूर्वेतिहास. १९४२ च्या ऑक्टोबरात मुंबईहून 'सिटी ऑफ कैरो' नावाचं जहाज निघालं, पोटात सुमारे १०० टन चांदीचे रुपये. ६ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. पाच किलोमीटरहून जास्त खोल पाण्यातून ती चांदी २०१३ पर्यंत वर काढली, आणि बहुतेक वितळवून टाकली. समजा त्यातला एखादा रुपया कोणाच्या संग्रहात असेल, तर तो आपल्या आजीच्या डब्यातल्या रुपयापेक्षा वेगळा आहे हे कागदच सांगणार. तो कागद मी मान्य करतो. का? कारण जे घडलं ते त्या नाण्याला घडलं. ते समुद्राच्या तळाशी सत्तर वर्षं पडून होतं. याउलट 'पहिल्या तीस दिवसांत पार्सल पोचलं' हे पार्सलाला घडलं. नाण्याला काहीच घडलं नाही.

मधला एक करडा पट्टा आहे, तोही सांगायला हवा. आपल्या रुपयावर वर्षाच्या खाली छोटा चौकटचा हिरा असला की तो मुंबईच्या टांकसाळीचा, तारा असला की हैदराबादचा. साध्या सिल्व्हर ईगलवर अशी खूणच नसते. २०१५ साली त्यातली ७९,६४० नाणी फिलाडेल्फियात पाडली होती हे २०१७ मध्ये बाहेर आलं. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे वेस्ट पॉइंटचं काम थांबलं तेव्हा फिलाडेल्फियाने घाईघाईने २ लाख ४० हजार नाणी पाडली. नाण्यावर याचा पुरावा शून्य, ओळख फक्त पाचशे नाण्यांच्या सीलबंद खोक्यावरच्या नंबरावरून. ही माहिती खरी आहे आणि नाण्याच्या जन्माबद्दल आहे, म्हणून लेबलावर असायला माझी ना नाही. पण डबी फुटली की पुरावा गेला, हे घेणाऱ्याला ठणकावून सांगितलं पाहिजे. ते कोणी सांगत नाही. उलट 'इमर्जन्सी' हा शब्द ठळक अक्षरात छापतात.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं.

पहिला मुद्दा नेहमीचा: कोणी जबरदस्ती केली आहे का? नको असेल तर घेऊ नका. अगदी बरोबर. पण मग नावात तरी खोट नको. 'पहिल्या तीस दिवसांत मिळालेलं' असं स्वच्छ लिहा आणि मग बघू किती लोक जास्त पैसे देतात. सगळा खेळ 'फर्स्ट स्ट्राइक' या दोन शब्दांतून निघणाऱ्या चुकीच्या अर्थावर चाललेला आहे. ग्राहकाला खरा अर्थ कळल्यावर ज्या मालाची किंमत कोसळते, तिथे 'स्वेच्छा' वगैरे शब्द जरा जपून वापरावेत.

दुसरा मुद्दा: सही असलेल्या लेबलांत वाईट काय? मर्कांटीने तर ईगलची मागची बाजू स्वतः घडवली. हा मुद्दा मला अर्धा पटतो. सह्या जमवणं हाही एक छान छंद आहे. पण तो वेगळा छंद आहे. सही कागदावर आहे, नाण्यावर नाही. एडमंड मॉय २००६ ते २०११ टांकसाळीचे संचालक होते, त्यांच्याही सहीची लेबलं निघाली. मॉयसाहेबांची सही हवी असेल तर जरूर घ्या, फक्त सहीचे किती आणि नाण्याचे किती हे मनात वेगळं मांडा. बिलात दोन वस्तू असतील तर दोन ओळी पाहिजेत.

तिसरा मुद्दा सगळ्यात भावनिक: अशा रंगीत लेबलांमुळे नवीन लोक छंदात येतात. येतात, मान्य. पण ते पुढे कुठे जातात हेही बघा. माझ्या ओळखीतले एक सीनियर आहेत, नात्याने नव्हे पण वयाने काका म्हणावेत असे. २०२१ साली मुलीच्या नावाने काहीतरी घेऊन ठेवावं म्हणून त्यांनी एका विक्रेत्याकडून पाच सिल्व्हर ईगल घेतली. सगळी ७०, सगळी खास लेबलाची, प्रत्येकी १७९ डॉलर. एकूण ८९५. दोन वर्षांनी दुकानात भाव विचारला तर नाण्यामागे ३२ डॉलर. दुकानदाराने डबीकडे नीट पाहिलंही नाही, म्हणाला, चांदीचा भाव आणि वर थोडे. काकांनी फसवणुकीची तक्रार कुठे करायची विचारलं. करणार कुठे? लेबलावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर खरं होतं! नाणं खरं, ग्रेड खरी, तीस दिवसही खरे. खोटी होती ती फक्त त्यांची समजूत, आणि ती समजूत करून देण्यासाठीच लेबल छापलेलं होतं. आता त्यांच्यासमोर नाण्यांचा विषय काढला की ते चहा घ्यायला उठतात. हा नवीन माणूस छंदात आला होता म्हणे.

शेवटचा मुद्दा बाजारवाद्यांचा: लोक पैसे देतात म्हणजे मूल्य आहे. असं असेल तर ७८६ नंबरच्या नोटेला आणि वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणून जाहिराती करणाऱ्यांनाही नमस्कार करायला हवा. रिझर्व्ह बँकेला २०२१ साली जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांबद्दल लोकांना सावध करावं लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर ७८६ वाल्याची बाजू थोडी भक्कमच आहे. निदान त्याचा नंबर नोटेवर तरी छापलेला असतो. :)

मग करायचं काय? कंपन्यांनी धंदा बंद करावा असं मी म्हणत नाही. २०२१ मध्ये पीसीजीएसची मूळ कंपनी सुमारे ८५ कोटी डॉलरला विकली गेली, आणि त्याच वर्षी ब्लॅकस्टोनने एनजीसीच्या मूळ कंपनीत मोठा हिस्सा घेतला. (यात नाण्यांइतकाच, किंबहुना जास्त, खेळाडूंच्या कार्डांचा वाटा आहे.) एवढा पैसा गुंतल्यावर उपदेशाने कोणी लेबलं छापायची थांबवणार नाही. पण तीन गोष्टी मागण्यात काहीच गैर नाही. एक, डबीच्या दर्शनी बाजूला फक्त नाण्याबद्दलची माहिती. तारीख, प्रदर्शन, सही, झेंडे, फुलं-पानं सगळं मागच्या बाजूला. दोन, पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये आधी एकूण बेरीज, मग हवी तेवढी फोड. तीन, 'फर्स्ट स्ट्राइक' हे नाव बंद. टांकसाळ स्वतः क्रम मोजून देईल तेव्हा गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये जुन्या डिझाइनची शेवटची पाचशे आणि नव्याची पहिली पाचशे नाणी टांकसाळीने स्वतः बाजूला काढली आणि नंतर लिलावात दिली होती. तिथे 'पहिलं' म्हणजे पहिलं होतं. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं.

तोवर आपली काळजी आपणच घ्यायची. अमेरिकन संग्राहकांत एक जुनी शिकवण आहे, डबी नको, नाणं विकत घे. मी त्यात एक कृती जोडतो. नाणं हातात घ्या, लेबलावर अंगठा ठेवून ते झाका, आणि स्वतःला विचारा, आता याचे किती देईन? जो आकडा येईल ती नाण्याची किंमत. अंगठा उचलल्यावर वाढलेला आकडा नाण्याचा नाही. तो कागदाचा आहे, आणि कागद छापायचं मशीन तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे.